आपलं लिखाण पुढे कुठे गेलं?



सरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा विषय मला शोधावा लागला नाही. सरांच्या पश्चात त्यांच्या घरून ग्रंथालयाकडे सहा पोती पुस्तकं आली. दाखल नोंदी मीच केल्या. त्या पुस्तकांत बुटांचं एक जुनं खोकं होतं, सुतळीने बांधलेलं. उघडलं तर आत कार्डं. ग्रंथालयाच्या तालिकेसाठी आम्ही वापरत होतो तीच, पाच बाय तीन इंचांची, खालच्या कडेला भोक असलेली. प्रत्येक कार्डावर वर सरांच्या एखाद्या लेखाचं नाव. त्याखाली तो लेख कुणी वापरला, कुठल्या पुस्तकात किंवा अंकात, कितव्या पानावर. आणि उजव्या कोपऱ्यात तांबड्या शाईने एक शब्द. काही कार्डांवर ‘घेतलं’, काहींवर ‘पुढे नेलं’, काहींवर ‘खोडलं’. मी मोजली, ६३ कार्डं होती.

सर महाविद्यालयात इतिहास शिकवत. त्यांचं संशोधन आपल्या तालुक्यातल्या आठवडे बाजारांवर होतं, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी, तो वार कधी आणि का बदलला, बाजारपट्टी कोण वसूल करत होतं. हे लेख त्यांनी वर्गणीदारांच्या जिवावर चालणाऱ्या मराठी त्रैमासिकांत लिहिले. त्यातलं एकही त्रैमासिक जगातल्या मोठ्या संदर्भसूचींमध्ये नोंदलेलं नाही. म्हणजे आज संगणकाला विचारलं की या माणसाच्या लिखाणाचा प्रभाव किती, तर उत्तर येईल शून्य. आणि इकडे खोक्यात ६३ कार्डं.

मी एकतीस वर्षं महाविद्यालयाची ग्रंथपाल होते. त्यातल्या शेवटच्या पंधरा वर्षांत प्राध्यापक माझ्याकडे एकच मागणी घेऊन येत: “मॅडम, माझी सायटेशन्स किती झाली तेवढं काढून द्या.” कुणाची बढतीची फाईल अडलेली असे, कुणाला महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकचा तक्ता भरायचा असे. मी आकडा काढून देत असे. कागद घेऊन ते जात. आपला लेख नेमका कुणी वापरला आणि कशासाठी, हे विचारायला थांबणारे मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. याची मला खंत आहे आणि तीच आज तुमच्यापुढे मांडायची आहे. कारण ही संदर्भसूची नावाची गोष्ट ज्याने जन्माला घातली, त्याच्या मनात सरांचं हे खोकं होतं.

तो माणूस म्हणजे युजीन गारफिल्ड. मूळ कल्पना मात्र त्याला वकिलांकडून मिळाली. अमेरिकेत १८७३ साली फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने एक धंदा सुरू केला. एखाद्या निकालाचा आधार पुढच्या कुठल्या निकालात घेतला गेला, ते तो डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापी आणि वकील त्या चिठ्ठ्या आपल्या कायद्याच्या पुस्तकांत समासात चिकटवत. पुढे त्याचे ग्रंथ झाले, ‘शेपर्ड्स सायटेशन्स’. आपल्याकडच्या वकिलांना हे समजावून सांगायला नको. नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरचे खंड ज्यांच्या कपाटात आहेत, ते निकाल हातात घेतला की आधी हेच बघतात की तो अजून उभा आहे की वरच्या न्यायालयाने उलथवलाय. शेपर्डच्या नोंदीत नुसता आकडा नव्हता. अनेक उल्लेखांपुढे एक छोटं अक्षर असे. पुढच्या न्यायालयाने तो निकाल मानला, की आपल्या प्रकरणापासून वेगळा ठरवला, की रद्द केला, ते त्या अक्षरावरून कळे. घेतलं, पुढे नेलं, खोडलं. सरांनी शेपर्डचं नाव ऐकलं असण्याची शक्यता मला कमी वाटते. पण ज्याला आपल्या लिखाणाची काळजी आहे, त्याला ही तीन अक्षरं आपोआप सुचतात.

१९५३ मध्ये शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांनी गारफिल्डना या पद्धतीबद्दल पत्र लिहिलं. १९५५ साली गारफिल्डनी ‘सायन्स’ साप्ताहिकात लेख लिहून विज्ञानासाठी अशी सूची करायची सूचना मांडली. त्या लेखातला त्यांचा हेतू आज मुद्दाम सांगावासा वाटतो. कुठल्याही निबंधावर पुढे झालेली टीका अभ्यासकाला सापडावी, म्हणजे चुकीची, अर्धवट किंवा जुनी झालेली माहिती लोक डोळे मिटून पुढे ढकलणार नाहीत, असं ते म्हणत होते. सूची हवी होती ती शोधण्यासाठी. १९६४ पासून फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित काढायला सुरुवात केली.

ग्रंथालयशास्त्र शिकताना मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत मी ते खंड पहिल्यांदा हाताळले. पंचांगाहून बारीक टाईप, पातळ कागद, पानात कितीतरी रकाने. टेबलावर भिंग ठेवलेलं असे. तुम्हाला एक जुना निबंध ठाऊक असला, तर लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिकाचं आखूड केलेलं नाव आणि पान एवढ्यावर तुम्ही नोंद गाठायची. तिच्याखाली त्या वर्षात तो निबंध ज्यांनी उल्लेखला त्यांची नावं. सर्वसाधारण सूची तुम्हाला मागे नेते, जुन्या लिखाणाकडे. ही सूची पुढे नेत होती. १९५० सालचा निबंध हातात धरून तुम्ही १९८० पर्यंत चालत येऊ शकत होता. पण एक गोष्ट वाटेत गळून गेली होती. शेपर्डचं ते छोटं अक्षर या खंडांत नव्हतं. लाखो उल्लेखांपुढे मानलं की खोडलं हे लिहिणार कोण? ते माणसाने वाचूनच ठरवावं लागतं. ते गळलं आणि उरली मोजता येणारी नोंद. जे मोजता येतं ते लोक मोजतातच. माझ्या मते पुढचा सगळा घोळ या एका अक्षराच्या गळण्यातून झाला.

ते अक्षर नसलं की काय होतं बघा. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी बारा मुलांवरचा एक निबंध छापला. त्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती पसरली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला. मागे घेतलेल्या निबंधांत सर्वाधिक उल्लेख झालेल्यांपैकी तो एक आहे. त्यातले कितीतरी उल्लेख त्याला खोटं ठरवणारे आहेत. यंत्राच्या बेरजेत मात्र प्रत्येक उल्लेख अधिक एक.

आता उलट बाजू, आणि ती आपल्या घरची आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती. १९४३ साली ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. त्या सुमारास लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये त्यांचा चार पानी निबंध आला, बाराव्या खंडात १७२ ते १७५. विषय आनुवंशशास्त्राचा. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे संततीत ती किती वेळा एकमेकांपासून तुटली यावरून काढतात. समजा शंभरात वीस वेळा तुटली. अंतर वीस धरावं का? नाही, कारण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही. हॉल्डेनच्या १९१९ च्या सूत्राने हे अंतर साडेपंचवीस येतं. पण एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी व्हायला अडथळा येतो, हे हॉल्डेनच्या सूत्रात धरलेलं नव्हतं. कोसंबींनी ते धरलं. त्यांच्या सूत्राने उत्तर येतं २१.२.

हे सूत्र आज जगभर चालतं. भात, गहू, ज्वारी, कुठल्याही पिकाचा जनुकीय नकाशा काढणारा निबंध उघडा. पद्धतीच्या विभागात एक वाक्य सापडेल, की अंतरं कोसंबी सूत्राने काढली. नकाशा काढणाऱ्या संगणकीय प्रणालींत हॉल्डेन आणि कोसंबी असे दोन पर्याय समोर येतात, त्यातला एक निवडायचा. आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचा निबंध मी संदर्भ तपासायला घेतला होता. मजकुरात कोसंबींचं नाव होतं, शेवटच्या यादीत नव्हतं. यादीत होती ती प्रणाली. मी विचारलं, हे कोसंबी कोण? त्यांना माहीत नव्हतं. मी उठून कपाटातून ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, हेच ते. त्या कितीतरी वेळ मुखपृष्ठावरच्या नावाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी यादीत तो चार पानी निबंध घातला.

पण तो घालतानाही प्रश्न आला. वर्ष कोणतं? कुणी १९४३ लिहितं, कुणी १९४४. अंकाचं वर्ष आणि खंडाचं वर्ष यांच्या घोळात एकाच निबंधाच्या दोन नोंदी तयार होतात आणि उल्लेख दोन ढिगांत पडतात. यादीतून मूळ लेखकच गळण्याच्या त्या आधीच्या प्रकाराला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी नाव दिलं आहे. शोध ज्ञानात इतका मुरतो की मूळ लेखकाचा उल्लेखच करायची गरज कुणाला वाटत नाही. मिठाचं पाण्यात होतं तसं. कोसंबींच्या बाबतीत निदान नाव तरी राहिलं. त्यांचा १९४३ चाच दुसरा एक निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला होता. त्यातली कल्पना काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगाने ती त्या दोघांच्या नावाने ओळखली. आता कुठे काही लेखक तिला कोसंबी हे नावही जोडू लागले आहेत. हे जोडणारे लोक आकडे मोजणारे नव्हते. कुणीतरी जुने अंक काढून वाचले म्हणून ते झालं.

कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांचंही असंच. पटकीचा जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि त्यानेच माणसाच्या अंगातलं पाणी निघून जातं, हे त्यांनी सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. १९५९ साली ‘नेचर’मध्ये तो निबंध आला. बरीच वर्षं त्याला म्हणावा तसा मान मिळाला नाही. १९७८ मध्ये पटकीवरच्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणं गेलं, तेव्हा ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. १९८५ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या वर्षी गारफिल्डनी स्वतः आपल्या साप्ताहिकात डे यांच्या कामावर लेख लिहिला आणि पटकीच्या संशोधनाचा उल्लेखांवरून काढलेला नकाशा त्यात मांडला. ज्या माणसाच्या नावाने आज सगळे आकड्यांची ओरड करतात, त्याने स्वतःचं हत्यार कशासाठी वापरलं, ते पाहण्यासारखं आहे. आपल्याच देशात ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं, त्याची वाट तो उकरून काढत होता.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल मी फार बोलणार नाही. एखाद्या नियतकालिकाने मागल्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे यंदा किती उल्लेख झाले, भागिले ते लेख किती. हा आकडा नियतकालिकाचा. त्यातल्या तुमच्या लेखाबद्दल तो काहीही सांगत नाही. तालुक्याचं सरासरी पर्जन्यमान बघून कुणी आपल्या विहिरीचं पाणी सांगत नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत नियतकालिकांचे संपादक आणि प्रकाशक जमले आणि माणसाची पारख या आकड्यावरून करू नका असा जाहीरनामा त्यांनी तयार केला. तो वाचून आपल्याकडच्या किती निवड समित्यांनी काम केलं, हे इथल्या प्राध्यापकांनी स्वतःच्या अनुभवावरून ठरवावं.

एच-इंडेक्सवर मात्र थांबते, कारण तिथे आपल्या लेकीसुनांचं नुकसान होतं. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप सुचवलं. तुमच्या सहा निबंधांना प्रत्येकी निदान सहा उल्लेख असतील, तर तुमचा एच सहा. आता आपल्याकडची नावं बघा. मुलगी लग्न करते तेव्हा तिचं आडनाव बदलतं, त्याबरोबर मधलं नावही, कारण वडिलांच्या जागी नवरा येतो. काही घरांत पहिलं नावही बदलतात. आद्याक्षरं लिहायची पद्धत असल्याने यंत्राला ती सरळ दुसरी व्यक्ती वाटते. माझ्याकडे रसायनशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. त्यांचे आकडे मी थोडे सोपे करून सांगते. माहेरच्या नावाने तीन निबंध, उल्लेख ३०, १५ आणि ७. सासरच्या नावाने तीन, उल्लेख २२, ९ आणि ६. एकत्र मांडले तर एच येतो सहा. यंत्राकडे त्या दोन बायका होत्या, एकीचा एच तीन आणि दुसरीचाही तीन. नोंद एक करून घ्यायला आम्हाला चार महिने पत्रव्यवहार करावा लागला. नोंद एक झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्या बाई काउंटरशी उभ्या राहून रडल्या. बढतीचं वर्ष तोवर निघून गेलं होतं.

२०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. तो माणसाला असतो, आडनावाला नाही. इथे ज्या मुली पीएच.डी. करत आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर तो काढावा. लग्नाआधी काढावा. हे मी व्याख्यानात सांगते आहे म्हणून कुणाला छोटं वाटेल, पण मला ते छोटं वाटत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण याहून खोल आहे. आपली कितीतरी नियतकालिकं अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवली जातात. पडद्यावर अक्षरं सुरेख दिसतात. पण त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा पडतो. गूगल स्कॉलरला तोच चिवडा दिसतो. म्हणजे लेख महाजालावर आहे आणि तरीही तो कुणाला सापडू शकत नाही. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या महाजालावरच्या संग्रहात मराठी प्रबंध आहेत, त्यातले पुष्कळ नुसती पानांची छायाचित्रं आहेत. त्यांच्या पोटात कुणाचं नाव आहे हे पान पान उलटूनच कळतं.

आणि काही दोष तंत्राचे नाहीत, आपले आहेत. ‘एका अभ्यासकाच्या मते’ असं लिहून पुढे जायची सवय. ‘असे म्हटले जाते’. कुणी म्हटलं? कुठे? शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. ज्या भाषेसाठी एका माणसाने एवढे कष्ट उपसले, त्या भाषेतल्या लेखकाला खाली पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचा कंटाळा यावा, याचा मला राग येतो. तळटीप म्हणजे ज्याच्या अंगणातून आपण पाणी भरलं, त्याचं नाव सांगणं. ते सांगितलं नाही तर सरांसारख्या माणसाला आपलं लिखाण कुठे गेलं हे कधी कळणारच नाही.

सरांना ते कळत होतं, कारण ते स्वतः शोधत होते. नवं त्रैमासिक आलं की आधी लेखांच्या शेवटच्या संदर्भयाद्या वाचायचे. मला वाटायचं, माणूस आपलं नाव शोधतोय. खोक्यातली कार्डं वाचली आणि मला स्वतःची लाज वाटली. ‘खोडलं’ असं लिहिलेली अकरा कार्डं आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला सरांनी काय चुकलं ते सविस्तर लिहिलंय आणि दोन कार्डांवर ‘पत्र पाठवलं, आभार मानले’ अशी नोंद आहे. ‘घेतलं’ची कार्डं बहुतेक कोरडी आहेत, एका ओळीची. ‘पुढे नेलं’च्या कार्डांवर अक्षर मोठं होतं. एका कार्डावर एका ग्रामपंचायतीच्या ठरावाची नोंद आहे. बाजाराचा वार पुन्हा मूळचा करावा यासाठी गावकऱ्यांनी सरांच्या लेखाची झेरॉक्स ठरावाला जोडली होती. ही नोंद कुठल्याही यंत्राला मिळणार नाही.

मागच्या पावसाळ्यात मी शोधगंगेवर आपल्या भागावरचा एक मराठी प्रबंध पान पान बघत होते. १८७ व्या पानावर सरांचं नाव दिसलं. प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला पुराभिलेखागारात बाजारपट्टीचा एक मोडी कागद मिळाला आहे. सरांनी आपल्या गावच्या बाजाराचा जो काळ धरला होता, त्याच्या बेचाळीस वर्षं आधीचा. सरांचं मत तिने आधी नीट मांडलं आहे, पान क्रमांकासह, आणि मग ते का टिकत नाही हे दाखवलं आहे. कागदाचं लिप्यंतर परिशिष्टात दिलं आहे. मी दोनदा वाचलं. मुलगी बरोबर आहे.

ग्रंथालयात कोरी कार्डं अजून आहेत, तालिका संगणकावर गेल्यापासून पडून असलेली. त्यातलं एक घेतलं. वर सरांच्या लेखाचं नाव लिहिलं, खाली त्या मुलीचं, प्रबंधाचं, विद्यापीठाचं, वर्ष आणि पान. तांबडी शाई मिळाली नाही, म्हणून तांबड्या बॉलपेनाने उजव्या कोपऱ्यात ‘खोडलं’ असं लिहिलं. मागच्या बाजूला लिप्यंतराच्या पहिल्या चार ओळी उतरवल्या. खोक्यात ते चौसष्टावं कार्ड आहे. त्या मुलीला पत्र पाठवलं आहे, ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. व्याख्यानानंतर खोकं तिला उघडून बघता यावं म्हणून मी ते बरोबर आणलं आहे.